शेततळ्याचा अर्ज करण्याआधी: पात्रता, कागदपत्रं आणि आकाराचा हिशेब

दिवाळी उलटली की आमच्या माण तालुक्यातल्या काळ्या रानात पाय जपून टाकावा लागतो. भेगांत हाताचा पंजा मनगटापर्यंत जातो. ज्वारी पोटरीत आलेली असते (कणीस अजून पानांच्या पोटात असतं), दुपारच्या उन्हात पानं सुरळी करतात आणि बांधावर उभा राहिलेला माणूस एकाच पाण्याचा विचार करत असतो. पेरणीनंतर पन्नास-पंचावन्न दिवसांनी एक पाणी मिळालं तर कणीस भरतं, नाहीतर कडब्यावर समाधान मानावं लागतं. माण, खटाव असो की सांगलीकडचं जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, वर्षाचा पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बराचसा उत्तरा-हस्ताच्या चार-दोन सरींत पडून ओढ्याला निघून जातो. त्यातलं थोडं पाणी रानात थांबवायचं तर शेततळं हा हाताशी असलेला उपाय आहे. त्यासाठी मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून अनुदान मिळतं. गावात अनेकांचे अर्ज भरताना पाहिलेल्या चुका डोळ्यासमोर ठेवून ही माहिती लिहिली आहे.

कोणाला मिळतं, किती मिळतं

तुमच्या नावावर किमान 0.40 हेक्टर, म्हणजे साधारण एकरभर जमीन हवी (कोकणात 0.20 हेक्टर चालते). जमीन शेततळ्यासाठी योग्य आहे, असं कृषी विभागाच्या पाहणीत ठरावं लागतं. याआधी रोजगार हमी किंवा दुसऱ्या कुठल्याही सरकारी योजनेतून शेततळं घेतलेलं नसावं. 2016 च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत कमाल अनुदान 50 हजार होतं, आता ते 75 हजार आहे. पण सगळ्यांनाच 75 हजार मिळत नाहीत. अनुदान शेततळ्याच्या आकारावर ठरतं, आणि खोदाईचा त्याहून वरचा खर्च आपल्या खिशातून करायचा असतो.

आकाराचा हिशेब आधी, अर्ज नंतर

इथेच सर्वांत मोठी चूक होते. अनुदान जास्त मिळतं म्हणून लोक मोठा आकार निवडतात आणि मग ते तळं कधीच भरत नाही. एका हेक्टर रानावर 50 मिलिमीटरचा दणका पाऊस झाला आणि त्यातला पाचवा हिस्सा वाहून आला, तर तळ्यात 100 घनमीटर पाणी येतं. आता 30 बाय 30 मीटर लांबी-रुंदीचं, तीन मीटर खोल, एकास एक उताराच्या बाजू असलेलं (म्हणजे मीटरभर खोलीला बाजू मीटरभर आत येते) शेततळं घ्या. त्यात 2196 घनमीटर पाणी मावतं. तुमच्या तळ्याकडे दोन हेक्टरचंच पाणी येत असेल, तर असे अकरा पाऊस लागतील. आपल्याकडे असे किती होतात ते तुम्हाला माहीत आहेच.

तेच 20 बाय 20 बाय 3 चं तळं घेतलं तर 876 घनमीटर मावतं, 15 बाय 15 बाय 3 मध्ये 441. एका एकराला पाच सेंटिमीटर उंचीचं एक पाणी द्यायला साधारण 200 घनमीटर लागतं. पोटरीपर्यंत अर्धं पाणी झिरपून-उडून गेलं असं धरलं, तरी 20 बाय 20 च्या तळ्यावर दोन एकर ज्वारीला एक पाणी होतं. कोरडवाहू घरासाठी एवढं पाणी पुष्कळ आहे. म्हणून अर्ज भरण्याआधी पावसात एकदा रानात जा. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, वरच्या बाजूच्या कोणाकोणाच्या रानातलं येतं, हे डोळ्यांनी बघा. मगच आकार ठरवा.

जागाही तेव्हाच हेरून ठेवा. ओढ्याच्या किंवा नाल्याच्या पात्रात शेततळं मंजूर होत नाही. काळी, चिकण माती चांगली. मुरूम, वाळू किंवा फुटका खडक लागला तर पाणी आठवड्यातच खाली उतरतं, मग अस्तर, म्हणजे तळाला आणि बाजूंना प्लॅस्टिकचं कापड, घालणं आलं. शंका असेल तर एक खोल खड्डा काढून टँकरभर पाणी ओता आणि चार दिवस बघा. पाझराने शेजाऱ्याच्या रानाचं नुकसान होणार नाही, एवढं अंतर बांधापासून सोडा. भावकीतले वाद बहुतेक इथूनच सुरू होतात.

अर्ज कसा भरायचा

अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळाच्या शेतकरी पोर्टलवर होतो. स्वतः मोबाईलवरून करा किंवा सीएससी केंद्रात, आपले सरकार केंद्रात जाऊन करा. अर्जाचं शुल्क 23 रुपये 60 पैसे आहे. एप्रिल 2025 पासून दोन मोठे बदल झाले आहेत. पहिला, ॲग्रिस्टॅक या सरकारच्या डिजिटल शेतकरी नोंदणीतला शेतकरी ओळख क्रमांक, ज्याला सगळे फार्मर आयडी म्हणतात, तो आता सक्तीचा आहे. दुसरा, पूर्वीची सोडत बंद होऊन ‘प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ ही पद्धत आली आहे. म्हणजे अर्ज लवकर करण्याला आता खरोखर अर्थ आहे.

फार्मर आयडी काढलेला असला तरी एक गोष्ट तपासाच. ज्या गटात तळं खोदायचं तो गट तुमच्या आयडीला जोडलेला आहे का? वडिलोपार्जित जमीन दोन गावांत असली की एखादा गट हमखास राहतो. तो राहिला तर पुढे तलाठ्याकडे हेलपाटे पडतात.

पोर्टलवर गेल्यावर सिंचन साधने व सुविधा या विभागात वैयक्तिक शेततळं निवडायचं. मग पाणी आत येण्याच्या व बाहेर जाण्याच्या वाटेसह की त्याशिवाय, आकारमान आणि बाजूंचा उतार हे भरायचं. कोरडवाहू रानात पावसाचं वाहतं पाणी घ्यायचं असल्याने दोन्ही वाटांसहचाच पर्याय निवडावा. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी साठवणाऱ्यांसाठी दुसरा पर्याय आहे. शेवटी ‘अर्ज सादर करा’ दाबून शुल्क भरल्यावरच अर्ज पूर्ण होतो. पैसे न भरता बाहेर पडलेले अर्ज मी कित्येकदा पाहिलेत. त्या घरची माणसं महिनोन्महिने निवडीच्या मेसेजची वाट बघत बसतात. पावतीची छपाई घरात ठेवा.

कागदपत्रं अशी: आधार कार्ड, आधारशी जोडलेल्या बँक खात्याचं पासबुक, सातबारा आणि आठ-अ, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांसाठी जातीचा दाखला, दिव्यांग असल्यास त्याचं प्रमाणपत्र, आणि ठरलेल्या नमुन्यातलं हमीपत्र. सातबारा सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं, ते आधीच करून ठेवा. फार्मर आयडीमुळे जमिनीची माहिती पोर्टलवर आपोआप दिसते, तरी ताजे उतारे जवळ ठेवावेत. मोबाईल नंबर आधारशी जोडलेला आणि चालू असावा, कारण निवड झाल्याचा आणि कागदपत्रं चढवण्याचा निरोप त्यावरच येतो आणि त्याला मुदत असते.

पूर्वसंमतीआधी खोरंही लावू नका

माझ्या एका चुलत्यांनी निवडीचा मेसेज आला त्याच आठवड्यात पोकलेन लावलं. मशीन शेजारच्या रानात आलं होतं, स्वस्तात काम होत होतं. पण निवड होणं आणि पूर्वसंमती मिळणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. कागदपत्रं तपासून, जागा पाहून पूर्वसंमतीपत्र निघतं, आणि त्याआधी झालेल्या खोदाईला अनुदान नाही. चुलत्यांचं सगळं अनुदान गेलं. तळं चांगलं भरलं, पण मशीनवाल्याची उधारी दोन वर्षं फेडत राहावं लागलं.

पूर्वसंमती आली की कृषी सहाय्यकांकडून (आता पदाचं नाव सहाय्यक कृषी अधिकारी) आखणी करून घ्या आणि त्यातल्या मुदतीत काम संपवा. मंजूर आकार आणि प्रत्यक्ष मोजमाप जुळलं पाहिजे. काम झाल्यावर फोटो व मोजमाप घेतलं जातं, बिलं पोर्टलवर चढवली जातात आणि अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यावर येतं. आगाऊ रक्कम मिळत नाही, तेव्हा खोदाईचे पैसे आधी उभे करावे लागतील हे धरून चाला. सातबाऱ्यावर शेततळ्याची नोंद करून घ्यायला विसरू नका.

खोदताना आत येणाऱ्या वाटेच्या तोंडाशी दोन मीटर लांब-रुंद, मीटरभर खोल असा गाळाचा खड्डा घ्या. तो नसेल तर काही पावसाळ्यांतच तळं गाळाने उथळ होतं. बाहेर जाणाऱ्या वाटेला दगड लावा.

अस्तरासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. कापड 500 मायक्रॉनचं आणि आयएसआय चिन्हाचं असावं. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतही अस्तराची बाब पाहावी. तळ्यावर ठिबक किंवा तुषार संच बसवायचा असेल तर अल्प व अत्यल्प भूधारकांना 80 टक्के, इतरांना 75 टक्के अनुदान आहे.

तळं झालं म्हणून रानातली कामं सोडू नयेत. पेरणीआधी वाफे पाडून पाऊस जागेवर मुरवलेला असेल, तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करून भेगा बुजवल्या असतील, तरच तळ्यातलं ते एक पाणी पिकाला पुरतं. हलक्या रानात फुले अनुराधा, मध्यम रानात फुले सुचित्रा, भारी रानात फुले वसुधा असं जमीन बघून वाण घ्या.

आणि एक कळकळीची विनंती. अस्तराच्या तळ्यात पाय घसरला तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, कापड हाताला धरूच देत नाही. चहूबाजूंनी कुंपण घाला, आणि चारही कोपऱ्यांवर लाकडी खुंटाला बांधलेले, गाठी मारलेले जाड दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवा. त्यांच्या टोकाला ट्रकच्या जुन्या ट्यूब बांधा. हा खर्च अनुदानात धरला जात नसला, तरी पहिला पाऊस तळ्यात उतरण्याआधी हे काम झालेलं असावं.