पर्यावरण जनसुनावणीत हरकत कशी नोंदवायची?

प्रकल्पांबाबत आपले म्हणणे मांडायला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सदस्य व्हावे म्हटले, तर त्यासाठी नागरिकांना अर्ज करता येत नाही. १९७४ च्या जल कायद्यात शेती, मासेमारी, उद्योग वगैरेंसाठी जास्तीत जास्त तीन अशासकीय सदस्यांची सोय आहे, पण त्यांची नेमणूक राज्य सरकार करते. सामान्य माणसाच्या हाती उरते ती जनसुनावणी, म्हणजे प्रकल्पाबाबत लोकांचे म्हणणे ऐकण्यासाठी मंडळ घेते ती जाहीर सभा.

केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या खाणी, सिमेंट कारखाने, औष्णिक वीज अशा प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीआधी ही सुनावणी घ्यावी लागते. इमारत बांधकाम, 'ब-२' गटातले (पर्यावरणीय परिणामांचा सविस्तर अहवाल लागत नाही असे) प्रकल्प आणि मंजूर औद्योगिक वसाहतीतले बरेच कारखाने मात्र यातून सुटतात.

सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत येते. त्याच वेळी जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायतीत जाऊन प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांचा मसुदा अहवाल बघायला मागा. मराठी सारांश ठेवणे बंधनकारक आहे. पण सारांशावर थांबू नका. पाणी कुठून घेणार आणि सांडपाणी कुठे सोडणार हे बहुधा मूळ अहवालातच सापडते.

सुनावणीला हजर असलेल्या कोणालाही प्रश्न विचारता येतो. सातबारा, रहिवासी दाखला यांची अट नाही, शुल्क नाही, वकीलही लागत नाही. जमीन बाधित होत असेल तर लेखी हरकतीला सातबारा जोडा. ग्रामसभेचा ठराव असेल तर फारच उत्तम.

जाता येत नसेल तर मंडळाच्या प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयात लेखी हरकत द्या. जाणार असाल तरीही द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सभेत कितीही आरडाओरडा झाला तरी पुढे प्रकल्पाची छाननी करणाऱ्या तज्ज्ञ समितीसमोर जातो तो कागद. 'प्रकल्प नको' एवढेच लिहिण्यापेक्षा अहवालातले पान, विहिरींची नावे, ओढ्याची दिशा लिहा. अशा मुद्द्याला कंपनीला उत्तर द्यावेच लागते.

अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला प्रतिनिधी असतो. गणपूर्तीची अट नाही, त्यामुळे बहिष्कार टाकला तरी सुनावणी झाली असेच धरले जाते. शेवटी इतिवृत्ताचा सारांश मराठीत वाचून दाखवतात. तेव्हा घरी निघू नका; आपला मुद्दा गाळला असेल तर तिथेच हरकत घ्या. सगळ्याचे चित्रीकरण होते. पुढे इतिवृत्त ग्रामपंचायतीतही लावायचे असते.

मंजुरी मिळाल्यास राष्ट्रीय हरित लवादाकडे ३० दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात. पोच घेतलेली प्रत तेव्हा सोबत जोडा.