जिम करणाऱ्याने पार्सल खाल्लं तर?

"एवढा घाम गाळतो, मग अधूनमधून पार्सल मागवलं तर काय बिघडलं?" जिममध्ये हा प्रश्न हमखास निघतो. काय बिघडतं ते पार्सलमध्ये काय आहे यावर ठरतं.

अमेरिकेतल्या मोंटाना विद्यापीठाने २०१५ साली एक गमतीशीर प्रयोग प्रसिद्ध केला. ११ जणांना दीड तास सायकल मारायला लावून त्यांच्या स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेचा साठा उपसला. मग एकदा खेळाडूंसाठीचे खास बार आणि पेयं दिली, दुसऱ्यांदा बर्गर-फ्राइज. चार तासांत साठा दोन्ही वेळा सारखाच भरला आणि नंतरच्या २० किलोमीटर सायकलिंगच्या वेळेतही म्हणावा असा फरक पडला नाही. दमलेला स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता ओढून घेतो. अर्थात हे दोन वेळच्या खाण्याचं झालं. वर्षानुवर्षं असं खाल्लं तर काय, ते या प्रयोगातून कळत नाही.

चरबीचंही थोडंफार असंच. तेलकट जेवणानंतर काही तास ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी, चढत राहतात. आदल्या संध्याकाळी तासभर झपझप चालला असाल, तर ती कमी चढतात. पण हा असर दोन-तीन दिवसांत ओसरतो. सोमवारच्या व्यायामावर शुक्रवारची बिर्याणी खपत नाही.

खरी गोची मिठाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम चमचाभर मीठ पोटात जावं. पार्सलमध्ये ग्रेव्हीत मीठ, नानच्या पिठात मीठ, शेजवान चटणीत मीठ, वर लोणच्याची पुडी. एसीत व्यायाम करून अर्धा लिटर घाम गेला, तरी मीठ जातं साधारण एक-दोन ग्रॅम. उरलेलं मीठ पाणी धरून ठेवतं, म्हणून दुसऱ्या दिवशी काटा किलोभर पुढे दिसू शकतो. ती चरबी नव्हे. किलोभर चरबी साठायला सुमारे ७,७०० कॅलरी जादा लागतात. तेव्हा त्या सकाळी ट्रेडमिलवर स्वतःला पिदडण्यात अर्थ नाही. पण नियमित व्यायामाने थोडा उतरलेला रक्तदाब रोजचं जादा मीठ पुन्हा चढवतं, त्याची काळजी करावी.

मागवायचंच तर व्यायामाच्या दिवशी मागवा. तंदुरी रोटी बटर न लावता सांगा, डब्यातली तर्री वरच्यावर काढून टाका आणि लोणच्याची पुडी फोडूच नका. काकडी-टोमॅटो घरचे चिरून घ्या, बिनमिठाचे.