पार्श्वभूमी : ज्योतिषाच्या वादात अडकलेला ‘शास्त्र’

फलज्योतिषावरचा मराठी वाद ग्रहांपासून सुरू होतो आणि चहा संपायच्या आत एका शब्दावर येऊन बसतो. ‘अहो, शास्त्र आहे ते,’ असे एक जण म्हणतो. ‘कसले डोंबलाचे शास्त्र,’ असे दुसरा. दोघेही शिकलेले असतात आणि दोघांच्याही मनात ‘शास्त्र’ म्हणजे वेगळे काहीतरी असते. वाद घालणाऱ्यांत व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ क्वचितच सापडतो. निवृत्त बँक अधिकारी, डॉक्टर, गच्चीवर दुर्बीण लावणारे इंजिनिअर, गणिताच्या शिक्षिका अशा हौशी चिकित्सकांनीच ही आघाडी गेली कित्येक वर्षे सांभाळली आहे. कुंडली कशी मांडतात, साडेसाती कधी लागते हे वाचकाला ठाऊक आहे असे धरून पुढे जातो.

आधी तो शब्द. हिंदीत मुले भौतिक विज्ञान आणि जीव विज्ञान शिकतात. मराठीत आपण भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र शिकतो. म्हणजे प्रयोगशाळेतल्या विद्येला मराठीने जो प्रत्यय लावला, तोच पाकशास्त्राला, नाट्यशास्त्राला, धर्मशास्त्राला आणि वास्तुशास्त्राला आधीपासून लागलेला होता. ‘शास्त्रीय’ची तर आणखी कमाल. शास्त्रीय संगीत म्हणजे परंपरेने बांधलेले, शास्त्रीय उपकरण म्हणजे मोजमाप करणारे. पूजा ‘शास्त्रोक्त’ होते, व्यायाम ‘शास्त्रशुद्ध’ असतो आणि मधुमेह असलेले काका पंगतीत श्रीखंड ‘शास्त्रापुरते’ वाढून घेतात. या शेवटच्या वापरात शास्त्र म्हणजे निव्वळ उपचार, पण तोही शब्दाचा खराच अर्थ आहे. ‘नियमांनी बांधलेली विद्या’ एवढाच अर्थ घेतला तर फलज्योतिष शास्त्र आहेच, त्यात वाद कसला? नियम आहेत, ग्रंथ आहेत, शिष्यपरंपरा आहे. ‘पडताळून खोटे ठरवता येईल असे ज्ञान’ हा अर्थ घेतला की मग भांडण सुरू होते.

‘ज्योतिष’ या शब्दाचेही तेच. जुन्या मांडणीत ज्योतिषाचे तीन स्कंध : सिद्धांत म्हणजे गणित, संहिता म्हणजे पाऊसपाणी-शकुन-उत्पात, आणि होरा म्हणजे जातक, ज्याला आपण आज पत्रिका बघणे म्हणतो. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये भारतीय खगोलगणिताचा जो मोठा इतिहास मराठीत लिहिला, त्याच्या नावात ‘ज्योतिषशास्त्र’ हाच शब्द आहे आणि आतली बहुतेक पाने ग्रहगणिताची आहेत. पुण्यात १९४४ मध्ये स्थापन झालेली आकाशनिरीक्षकांची संस्था आजही ‘ज्योतिर्विद्या’ हे नाव लावते आणि तिथे कोणी कोणाचा मंगळ पाहत नाही, म्हणजे दुर्बिणीतून पाहतात तेवढाच. खगोलशास्त्र आणि फलज्योतिष अशी सरळ वाटणी बोलीभाषेत नंतर रुळली, तीही अर्धीमुर्धी.

प्राचीन काळाबद्दल दोनच गोष्टी वादात कामाला येतात. वेदांग ज्योतिष या प्राचीन ग्रंथात पाच वर्षांचे युग आहे, २७ नक्षत्रे आहेत, यज्ञाचा काळ ठरवण्याचे गणित आहे. बारा राशी नाहीत आणि जन्मपत्रिकाही नाही. आणि होरा, केंद्र, पणफर, आपोक्लिम हे पत्रिकेतले शब्द ग्रीकांकडून आलेले आहेत. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराला त्याचे काही वाटले नाही. यवन (म्हणजे ग्रीक) म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यात नीट प्रस्थापित आहे, म्हणून तेही ऋषींसारखे पूज्य, असे त्याने मोकळेपणाने लिहून ठेवले. शब्द त्याचाही ‘शास्त्र’च.

महाराष्ट्रातला पहिला मोठा झगडा फलज्योतिषावर झालाच नाही, पंचांगावर झाला. राशिचक्राचा आरंभबिंदू कुठे धरायचा, रेवतीच्या ताऱ्यापाशी की चित्रेच्या समोर? टिळक पंचांग रेवतीच्या बाजूचे, बाकी बहुतेक चित्रेच्या. दोन बिंदूंत सुमारे चार अंशांचा फरक आहे. सूर्याला तेवढे चालायला चार दिवस लागतात, म्हणून टिळक पंचांगाची मकरसंक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते आणि बाकीच्यांची १४ ला. अधिक महिना दोन पंचांगांत वेगळा पडला की कोकणातल्या काही घरी गणपती महिनाभर आधी येतात. शेजारच्या घरी आरती चाललेली असते आणि या घरी मखर अजून माळ्यावर असते. केंद्र सरकारने नेमलेल्या सुधारणा समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला, २२ मार्च १९५७ ला राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. घरातली भिंत मात्र जुन्याच पंचांगाकडे राहिली. चिकित्सकांनी या प्रकरणाचा पुरेसा उपयोग केलेला नाही, असे मला वाटते. चित्रापक्षाने ज्याचा चंद्र कुंभेच्या २७ अंशांवर, त्याची रास रेवतीपक्षाने मीन. स्वभाव कोणत्या राशीचा घ्यायचा?

त्याऐवजी आपल्या हौशी मंडळींनी दारूगोळा बाहेरून आणला. १९७५ मध्ये अमेरिकेत १८६ शास्त्रज्ञांनी ज्योतिषाविरुद्ध पत्रक काढले. एका फार लोकप्रिय खगोलशास्त्रज्ञाने ज्योतिष मान्य नसूनही त्यावर सही केली नाही, कारण पत्रकाचा सूर अधिकारवाणीचा होता. १९८५ मध्ये तिकडे दुहेरी अंध चाचणी (कोणाची पत्रिका कोणती हे घेणाऱ्यालाही आणि देणाऱ्यालाही ठाऊक नसते अशी) छापून आली. पत्रिकेवरून तीनपैकी योग्य व्यक्तिचित्र ओळखायचे होते. ज्योतिषांचे यश तीनात एक, म्हणजे डोळे मिटून बोट ठेवल्याइतके. हे सगळे मराठीत आले, चांगलेच झाले. पण त्याबरोबर असे मुद्देही आले जे इथल्या ज्योतिषाला लागूच पडत नाहीत. ‘अयनचलनामुळे राशी सरकल्या, तुमची रास चुकीची’ हा मुद्दा पाश्चात्त्य सायन ज्योतिषाला बोचतो, कारण ते राशी ताऱ्यांपासून न मोजता हळूहळू सरकणाऱ्या वसंतसंपातापासून मोजते. आपली पद्धत निरयन, ताऱ्यांपासून मोजणारी. तिच्यात सुमारे २४ अंशांचा अयनांश, म्हणजे या दोन आरंभांतला फरक, आधीच वजा केलेला असतो. ‘प्लूटो २००६ मध्ये ग्रह राहिला नाही’ म्हणून पारंपरिक पत्रिकेचे काय बिघडले? तिच्या नवग्रहांत तो कधी नव्हताच. ‘राहू-केतू अस्तित्वातच नाहीत’ हे तर आपण होऊन विकेट फेकणे झाले. ते चंद्रकक्षा आणि क्रांतिवृत्त यांचे छेदनबिंदू आहेत आणि ग्रहणाचे गणित त्यांच्याशिवाय होत नाही. समोरचा ज्योतिषी एवढे जाणत असेल तर सभेत टाळी त्याला मिळते. मी ती मिळताना पाहिली आहे.

आता २००१. इतिहासाचा हा तुकडा सगळ्यांत जास्त उगाळला जातो आणि सगळ्यांत जास्त चुकीचा सांगितला जातो. त्या वर्षी फेब्रुवारीत देशातल्या उच्च शिक्षणाचे नियमन करणाऱ्या केंद्रीय आयोगाने विद्यापीठांना पत्र पाठवले : पदवी आणि पदव्युत्तर पातळीवर ज्योतिषाचे विभाग काढायचे असतील तर अनुदान मिळेल. प्राध्यापक-व्याख्यात्यांची पदे, ग्रंथालय, संगणक, शिवाय पत्रिकांचा संग्रह. इंग्रजीत विषयाचे नाव ‘वेदिक अ‍ॅस्ट्रॉलॉजी’ आणि देशी नाव ‘ज्योतिर्विज्ञान’.

या दोन नावांकडे नीट पाहिले पाहिजे. ‘वैदिक’ म्हणावे तर वेदांगात पत्रिका नाही. ‘ज्योतिर्विज्ञान’ म्हणावे तर सामान्य माणसाला तो खगोलशास्त्राचा प्रतिशब्द वाटतो. एक नाव परंपरेकडून प्रतिष्ठा घेते, दुसरे प्रयोगशाळेकडून, आणि शिकवायचे काय तर दोन्हींत न बसणारा तिसरा स्कंध. संस्कृत विद्यापीठांत हा विषय ‘ज्योतिष’ म्हणून आधीपासून शिकवला जात होता. त्यावर खगोलशास्त्रज्ञ रस्त्यावर आले नव्हते. भडका उडाला तो ‘विज्ञान’ या तीन अक्षरांमुळे. ‘ज्योतिषविद्या’ म्हटले असते तर निम्मे पत्रक-प्रतिपत्रक झाले नसते.

प्रकरण न्यायालयात गेले. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने या अभ्यासक्रमाविरुद्धची याचिका फेटाळली आणि ५ मे २००४ ला सर्वोच्च न्यायालयानेही. त्या दिवसापासून ‘सुप्रीम कोर्टाने ज्योतिषाला विज्ञान ठरवले’ हे वाक्य हिंडते आहे. ज्योतिषी ते छाती काढून सांगतात आणि गंमत म्हणजे चिकित्सकही कपाळाला हात लावून तेच सांगतात. निकालाचा गाभा वेगळा आहे. विषय ऐच्छिक आहे, तो घेण्याची सक्ती नाही. अभ्यासक्रम ठरवणे हे शिक्षणतज्ज्ञांच्या मंडळाचे काम आहे आणि त्यांच्या निर्णयावर न्यायालय अपिलात बसणार नाही. मंगळामुळे लग्न मोडते की नाही, याचा निवाडा कोणी केलेला नाही. पुढे जादुई उपचारांविरुद्धच्या १९५४ च्या कायद्याखाली ज्योतिषावर कारवाई मागणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयात आली. ती २०११ मध्ये फेटाळताना याच निकालाचा आधार घेतला गेला आणि तो हिंडता समज आणखी घट्ट झाला.

त्या निकालानंतर पुण्यात जे झाले ते मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत सभ्य पान वाटते. एक ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ, विद्यापीठातला एक संख्याशास्त्रज्ञ, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आणि ज्योतिषाचा आतून अभ्यास केलेला एक गृहस्थ एकत्र बसले आणि २००८ मध्ये जाहीर आवाहन केले. शाळाशाळांतून जन्मवेळा गोळा केल्या होत्या : १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या. संगणकावर पत्रिका मांडल्या, नावे काढून सांकेतिक क्रमांक घातले, कोणता क्रमांक कोणाचा याची यादी संख्याशास्त्र्याकडे राहिली. प्रत्येक ज्योतिषाला यायच्या त्या ४० पत्रिका. प्रत्येकीपुढे एवढेच लिहायचे : हुशार की मतिमंद. बहिष्काराची भाषा झाली, तरी ५१ जणांनी पत्रिका मागवल्या आणि २७ जणांनी उत्तरे परत पाठवली. त्या २७ जणांना सलाम केला पाहिजे. बाकीचे व्यासपीठावरून बोलत राहिले, यांनी कागदावर उत्तर दिले.

सरासरी यश ४६ टक्के. सर्वांत चांगली उत्तरपत्रिका ४० पैकी २४. एका ज्योतिषसंस्थेने सगळ्या २०० पत्रिका तपासल्या, १०२ बरोबर आल्या.

२४ हा आकडा हौशी मंडळी हमखास चुकवतात. ‘बघा, जेमतेम २४!’ आणि समोरून ‘२४ म्हणजे ६० टक्के, फर्स्ट क्लास!’ भाचीला हे समजावताना मी रुपया चाळीस वेळा उडवला, ती वहीत काट मारत गेली. पहिल्या खेपेला १८ छापे, दुसऱ्या खेपेला २१, तिसरीला २५. ‘मामा, म्हणजे हा रुपया त्यांच्यापेक्षा हुशार?’ अगं, हुशार नाही, फक्त तिसऱ्यांदा उडवलेला. नुसत्या नशिबाने २४ किंवा जास्त मिळण्याची शक्यता शेकडा तेराच्या आसपास आहे. २७ माणसांनी नाणी उडवली तर तिघाचौघांना एवढे गुण मिळावेत आणि त्यांतल्या पहिल्या आलेल्याला २५-२६. पहिला ज्योतिषी त्याच्याही थोडा मागे राहिला. २८ मिळाले असते तर मात्र कान टवकारावे लागले असते, कारण एकट्या माणसाला ते नशिबाने शंभरात एकदाही मिळत नाही.

आक्षेप आलेच. जन्मवेळा चुकीच्या असतील, हा पहिला. असतील, पण मग लग्नासाठी जुळवलेल्या पत्रिकांच्या वेळा तरी कोणी तपासल्या आहेत? त्याही त्याच दवाखान्यांतल्या, त्याच घड्याळांच्या. दुसरा आक्षेप मला जास्त वजनाचा वाटतो : प्रश्न आयोजकांनी निवडला, आणि पत्रिकेवरून बुद्धी कळते एवढाच दावा यात तपासला गेला. खरे आहे. विवाहाचा, आयुर्मानाचा, नोकरीचा दावा अजून तसाच पडून आहे. इथे मात्र चेंडू ज्योतिषांच्या अंगणात होता आणि त्यांनी स्वतःचा प्रश्न घेऊन तशीच चाचणी लावलेली माझ्या पाहण्यात नाही.

विवाहाचा दावा तपासायला खरे तर कागद-पेन्सिल पुरते. मंगळ १, ४, ७, ८ किंवा १२ व्या स्थानी असला की मुलगी मंगळाची. बारांतली पाच स्थाने, म्हणजे शेकडा एक्केचाळीस-बेचाळीस माणसे. एवढ्या लोकसंख्येला नकार देता येत नाही, म्हणून अपवादांची लांबलचक यादी : स्वराशीचा मंगळ चालतो, गुरूची दृष्टी असली तर चालतो. ज्या स्थळाचा पगार बरा त्याचा मंगळ बहुधा ‘सौम्य’ निघतो. आणि गुणमेलनात ३६ पैकी ३६ आले की आनंद, जेव्हा आपल्याच भाषेत छत्तीसचा आकडा म्हणजे एकमेकांकडे पाठ फिरवलेली जोडी.

२०१३ च्या डिसेंबरात महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. त्यासाठी वर्षानुवर्षे झटलेल्या कार्यकर्त्याची त्याआधी, २० ऑगस्टला, पुण्यात पुलावर गोळ्या घालून हत्या झाली होती. अनुसूचीत बारा कलमे आहेत. पत्रिका पाहणे त्यांत नाही. हा कायदा अघोरी कृत्यांपुरता आहे. ‘उद्या ज्योतिषांना पकडतील’ हा धाक जितका पोकळ होता, तितकीच ‘कायद्याने ज्योतिषाला मान्यता दिली’ ही फुशारकीही पोकळ.

२०२१ मध्ये दिल्लीच्या एका मुक्त विद्यापीठाने या विषयात एम.ए. सुरू केले. महाराष्ट्रातून निषेधाची पत्रके निघाली, मुद्दे बहुतेक २००१ चेच होते. पंचांग, ग्रहणाचे गणित आणि कुंडली अशी जुन्या स्कंधांची मोळी तिथे एकाच पदवीत पुन्हा बांधली आहे. विषयाचे नाव या वेळी नुसते ‘ज्योतिष’ आहे. ‘विज्ञान’ त्यातून गळले आहे, आणि निषेधाच्या गडबडीत ते फारसे कोणाच्या लक्षात आले नाही.