एक्सबी ते डब्ल्यूपी: भारतीय ब्रॉडगेजच्या वाफेच्या इंजिनाची घडण

वाफेच्या इंजिनाचा आराखडा रेल्वे आणि कारखाना या दोघांच्या हातून उतरतो. रूळ किती भार पेलतो, कोळसा कसला मिळतो, गाडी किती जड, हे रेल्वेने सांगायचे आणि त्यात बसेल असे यंत्र कारखान्याने घडवायचे. भारतीय ब्रॉडगेजवर (१,६७६ मिमी) हे गणित एकदा चुकले आणि त्याची किंमत प्रवाशांनी मोजली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीची प्रमाणित इंजिने चांगल्या कोळशावर बेतलेली होती. त्यांची अग्निपेटी, म्हणजे कोळसा जळण्याची जागा, अरुंद असे. पहिल्या महायुद्धानंतर हलक्या प्रतीचा, राखट कोळसा वापरायचे ठरले. अशा कोळशात उष्णता कमी, म्हणून तेवढ्याच वाफेसाठी तो जास्त जाळावा लागतो. शिवाय राख वितळून, कोळसा जळतो त्या तळाच्या जाळीवर तिचे खंगर धरतात, खालून येणारी हवा कोंडते आणि चढावर नेमका वाफेचा दाब उतरतो. उपाय एकच, रुंद जाळी. ती मोठ्या चालक चाकांच्या, म्हणजे वाफेच्या जोरावर फिरणाऱ्या चाकांच्या, मधे मावत नाही. त्यांच्या मागे, लहान चाकांवर न्यावी लागते. त्यातून ४-६-२ मांडणीचे (पुढे चार लहान, मधे सहा चालक, मागे दोन लहान चाके) एक्सए, एक्सबी आणि एक्ससी हे वर्ग १९२०च्या दशकात आले.

नमुन्याची पुरेशी चाचणी न करता ही इंजिने मोठ्या संख्येने घेतली गेली. खरी चूक इथे झाली. पुढच्या बोगीला (चार लहान चाकांच्या सांगाड्याला) आणि मागच्या चाकांना मध्यावर परत आणणारा आडवा ताण अपुरा होता. वेग वाढला की इंजिन डावी-उजवीकडे झोले घेई आणि कच्च्या खडीवरचा रूळ नागमोडी होई. १७ जुलै १९३७ रोजी बिहारमध्ये बिहटाजवळ एक्सबी इंजिनाची एक्सप्रेस घसरली; शंभराच्या आसपास माणसे गेली. त्यानंतर ॲलन माउंट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या इंजिनांची तपासणी केली. ब्रिटिश अभियंते विल्यम स्टॅनियर तिचे सदस्य होते. इंजिन आणि रूळ यांचा विचार एकत्रच व्हायला हवा, हे त्या प्रकरणातून पक्के झाले.

डब्ल्यूपी हे प्रवासी गाड्यांचे पुढचे इंजिन घडवताना क्रम बदलला. अमेरिकेतील बाल्डविन कारखान्याने १९४७ मध्ये आधी १६ नमुना इंजिने दिली. मोठ्या ऑर्डरी नंतर निघाल्या. मांडणी तीच ४-६-२. चालक चाक १,७०५ मिमी व्यासाचे, सिलिंडर ५१४ × ७११ मिमी, बॉयलरचा दाब चौरस इंचाला २१० पौंड आणि जाळी ४६ चौरस फूट, म्हणजे सुमारे सव्वाचार चौरस मीटर. बंदुकीच्या गोळीसारखे निमुळते नाक आणि त्यावरचा तारा लोकांच्या लक्षात राहिला, पण इंजिनाचे बळ त्या जाळीत होते. १९६७ पर्यंत ७५५ डब्ल्यूपी तयार झाली. शेवटची चित्तरंजनच्या कारखान्यात. मालगाडीच्या २-८-२ डब्ल्यूजीला चाके लहान आणि सिलिंडर मोठा दिला, बॉयलर मात्र डब्ल्यूपीचाच ठेवला.