दंतविद्रधी : सूक्ष्मजंतुशास्त्र

दाताच्या मुळाशी किंवा हिरडीच्या कप्प्यात पू साचून होणारे गळू. मेलेल्या दंतमज्जेतील (दाताच्या आतल्या मऊ गाभ्यातील) जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरले की अग्रविद्रधी होते. हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीत सुरू होते ती परिदंत विद्रधी. दुसऱ्या प्रकारात दात जिवंत असू शकतो.

‘दात किडणे’ या शब्दप्रयोगातला कीडा आणि सुश्रुतसंहितेतील ‘कृमिदंतक’ हा रोग यांवरून जंतुवादाचे (रोग जंतूंमुळे होतात या मताचे) मूळ प्राचीन ठरवण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. लेव्हेनहूक याने 1683 मध्ये दातावरच्या कीटणात हलणारे सूक्ष्म जीव पाहिले, पण रोगाशी त्यांचा संबंध जोडला नाही. हा संबंध पद्धतशीरपणे मांडण्याचे श्रेय बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांच्याकडे जाते. त्यांचा मुखातील सूक्ष्मजंतूंवरील ग्रंथ 1890 मध्ये निघाला. मृत दंतमज्जेत सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे कित्येक जंतू संवर्धनात, म्हणजे प्रयोगशाळेतील माध्यमावर, वाढत नाहीत, हेही त्यांच्या लक्षात आले होते.

हे जंतू का वाढत नव्हते? त्यांतले बहुतेक विनॉक्सी, म्हणजे ऑक्सिजन न सोसणारे होते. कापसाच्या बोळ्यावर घेतलेला पू हवेत राहिला की ते मरतात आणि ताटलीवर उरतात ते मुख्यतः स्ट्रेप्टोकॉकस. त्यामुळे दीर्घकाळ स्ट्रेप्टोकॉकसलाच मुख्य दोषी मानले गेले. न फुटलेल्या गळवातून सुईने पू ओढून, सिरिंजमधली हवा काढून, नमुना विनॉक्सी माध्यमात नेणे ही पद्धत रूढ झाल्यावर चित्र बदलले. सुंडक्विस्ट यांनी 1976 मध्ये मार लागून मेलेले, पण बाहेरून अखंड असलेले दात तपासले. ज्यांच्या मुळाशी हाड झिजले होते, जवळजवळ त्याच दातांत जंतू सापडले आणि त्यांतले 90 टक्क्यांहून अधिक विनॉक्सी होते. त्याआधी 1965 मध्ये काकेहाशी व सहकाऱ्यांनी जंतुमुक्त उंदरांची दंतमज्जा उघडी ठेवून पाहिली होती. तोंडात अन्न अडकत असूनही तिथे गळू झाले नाही, उलट उघड्या जागेवर दंतिनाचा (दाताच्या कठीण ऊतीचा) पूल बांधला गेला. नेहमीच्या उंदरांत मात्र मज्जा मेली व पू झाला.

नावांचा घोळ मोठा आहे. गुटहोफ यांनी 1956 मध्ये मिलर यांच्या स्मरणार्थ ‘स्ट्रेप्टोकॉकस मिलेरी’ असे नाव दिलेला गट पुढे अँजिनोसस, कॉन्स्टेलेटस आणि इंटरमिडियस अशा तीन जातींत विभागला गेला. जुने नाव रुग्णालयांत अजून ऐकू येते. रक्तयुक्त अगारवर (जंतू वाढवण्याच्या घट्ट माध्यमावर) काळ्या वसाहती करणाऱ्या दंडाणूंना 1921 मध्ये ‘मेलॅनिनोजेनिकम’ म्हटले गेले. तो रंग मेलॅनिनचा नसून रक्तातील हीम या लोहयुक्त घटकापासून बनतो, हे नंतर कळले. या दंडाणूंचे पॉर्फिरोमोनास (1988) आणि प्रीव्होटेला (1990) असे वर्गीकरण झाले. जुने अहवाल वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

एका जंतूचा एक रोग, हा नियम इथे लावता येत नाही. फ्युझोबॅक्टेरियम, प्रीव्होटेला, पार्व्हिमोनास, ट्रेपोनेमा आणि स्ट्रेप्टोकॉकस एकत्र नांदतात. काही ऑक्सिजन वापरून टाकून इतरांची सोय करतात, तर काहींना दुसऱ्याच्या चयापचयातून अन्न मिळते. पूचा उग्र, कुजका वास हा हायड्रोजन सल्फाइड आणि लघुशृंखल मेदाम्ले यांचा. नुसत्या वासावरूनही विनॉक्सी जंतूंचा अंदाज बांधता येतो. जनुकीय पद्धतींनी यादीत अजून न वाढवता आलेल्या जातींची भर पडली आहे. मात्र जंतूचा डीएनए सापडला म्हणजे तो जंतू जिवंत व रोगकारक ठरत नाही, हा आक्षेप रास्त वाटतो.

मृत मज्जेत रक्तपुरवठा नसल्याने प्रतिजैविक तिथे पोचत नाही. म्हणून पूचा निचरा आणि मूळनलिकेची सफाई (किंवा दात काढणे) हाच मुख्य उपचार असतो. ताप वा पसरती सूज असल्यास औषधाची जोड देतात. प्रीव्होटेलाच्या काही वाणांत पेनिसिलीन फोडणारे विकर (एन्झाइम) असते. मेट्रोनिडॅझोल या औषधाचा विनॉक्सी जंतूंवरील प्रभाव 1962 मध्ये योगायोगानेच उघड झाला : ट्रायकोमोनास या परजीवीच्या संसर्गासाठी ते घेणाऱ्या एका स्त्रीचा हिरड्यांचा व्रणही बरा झाला.

संसर्ग जिभेखालच्या व हनुवटीखालच्या अवकाशांत पसरल्यास लुडविग अँजायना (वर्णन 1836) होतो आणि श्वासमार्ग बंद पडण्याचा धोका असतो. ॲक्टिनोमायसीसमुळे जबड्यावर चिवट नासूर होतात. त्यांच्या पुवात पिवळे ‘गंधककण’ दिसतात, पण ते गंधकाचे नसून जंतूंचे पुंजके असतात.