भूराजकीय व आर्थिक चर्चेतून इंग्रजी शब्दार्जन (बडोदे)

आंतरराष्ट्रीय राजकारण आणि अर्थकारण यांवर इंग्रजीत बोलता बोलता त्या भाषेतले शब्द अंगवळणी पाडण्याची पद्धत. शब्दांच्या याद्या पाठ करण्याऐवजी येथे विषय आधी येतो. तेलाचे भाव, आयातशुल्क, सीमावाद, व्याजदर असा एखादा मुद्दा घेऊन चार-सहा जण बसतात आणि बोलताना जिथे अडते तिथला शब्द तिथल्या तिथे शोधला जातो. भाषाशिक्षणशास्त्रात ही पद्धत आशयाधारित अध्यापनात मोडते.

बडोद्याच्या दांडिया बाजार-रावपुरा भागातला मराठी माणूस घरी मराठी, दुकानात गुजराती आणि परप्रांतीयांशी हिंदी बोलतो. इंग्रजी त्याच्या वाट्याला चौथी येते, तीही बहुधा वाचण्यालिहिण्यापुरती. महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असल्याने पदवीपर्यंत पोचलेल्याला वाचून कळते पुष्कळ, पण तोंड उघडायची वेळ आली की गाडी अडते. ही पद्धत कामाला येते ती नेमकी या दरीत. वाचून ओळखीचा झालेला शब्द बोलण्यात उतरवणे हे तिचे खरे काम. कोरी पाटी असलेल्या नवशिक्याला तिचा फारसा उपयोग नाही.

विषय शोधायला बडोदेकराला लांब जावे लागत नाही. शहरालगतचा कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सोव्हिएत साहाय्याने उभा राहिला आणि १९६५ मध्ये सुरू झाला. शीतयुद्धात भारत दोन्ही गटांशी कसा वागला, याचा हा घरचा दाखला आहे. बडोद्याजवळच्या सावली गावच्या कारखान्यात बनलेले रेल्वेचे डबे ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये बडोद्यात भारत व स्पेन यांच्या पंतप्रधानांनी टाटा-एअरबसच्या सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानांच्या जुळणी प्रकल्पाचे उद्‌घाटन केले. करारातल्या ५६ विमानांपैकी ४० येथे बनायची आहेत. संरक्षण खरेदी, तंत्रज्ञान हस्तांतर, सुट्या भागांची पुरवठा साखळी हे शब्द त्यामुळे ज्यांच्या घरातले कोणी तिथे नोकरीला आहे त्यांच्या रोजच्या बोलण्यात येतात.

या शहराला अशा इंग्रजीची जुनी परंपराही आहे. ब्रिटिश राजवटीत हिंदुस्थानची संपत्ती कशी बाहेर ओढली जाते हे इंग्रजांना त्यांच्याच भाषेत, आकड्यांनिशी सुनावणारे दादाभाई नौरोजी १८७४ मध्ये बडोद्याचे दिवाण झाले होते. अरविंद घोष यांनी १८९३ ते १९०६ या काळात संस्थानात नोकरी केली आणि बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवले. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, आणि तिथे त्यांचा मुख्य विषय होता अर्थशास्त्र. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२३ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. सयाजीराव महाराजांनी तयार करवून घेतलेला ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू’ (१९३१) हा कोश तर या नोंदीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा. राज्यकारभारातल्या इंग्रजी संज्ञांपुढे त्यात गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली प्रतिशब्द दिले आहेत. आजच्या चर्चागटांना तो ठाऊक असतोच असे नाही, आणि हे थोडे दुर्दैवच. विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता यांनी १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘ऑल मेन’ऐवजी ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ असा बदल करवून घेतला होता. आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर एका शब्दासाठी भांडणे म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

प्रत्यक्ष बैठक कशी चालते ते एका विषयावरून पाहता येते. समजा, होर्मुझच्या सामुद्रधुनीत तणाव वाढला आहे. जगातल्या तेलाच्या खपापैकी सुमारे एक पंचमांश तेल या वाटेने जात आले आहे. पहिला म्हणतो, ‘ऑइल प्राइसेस विल इन्क्रीज.’ वाक्य बरोबर आहे, पण त्यात काही हाती लागत नाही. दुसरा विचारतो: किती, कशाने, किती दिवस? मग ‘इन्क्रीज’ने भागत नाही. एकदम उसळले तर ‘सर्ज’, हळूहळू चढले तर ‘एज अप’, एका पातळीभोवती घुटमळले तर ‘हॉव्हर’. जहाजांच्या विम्याचा हप्ता वाढतो, म्हणून ‘प्रीमियम’; माल दुसऱ्या वाटेने वळवावा लागतो, म्हणून ‘रीरूट’; पुरवठा खंडित होतो, म्हणून ‘डिसरप्ट’. तिसरा हरकत घेतो की सगळे बंद होईलच असे नाही, आणि तिथे ‘अनलेस’, ‘लाइकली’, ‘अ‍ॅट वर्स्ट’ यांची गरज पडते.

माझ्या मते या पद्धतीची खरी कमाई या शेवटच्या शब्दांत आहे. ‘इन्फ्लेशन’, ‘डेफिसिट’, ‘टॅरिफ’ ही नामे वर्तमानपत्रातून आपोआप कानावर पडतात. क्रियापदे आणि शक्यता तोलणारे शब्द वाद घातल्याशिवाय जिभेवर बसत नाहीत. ‘सँक्शन्स’ (एखाद्या देशावरचे निर्बंध) हा शब्द एकटा शिकून उपयोग नाही. ते ‘इंपोज’ होतात, ‘टाइटन’ होतात, ‘ईज’ होतात, ‘लिफ्ट’ होतात आणि कोणीतरी ते ‘इव्हेड’ करतो. एवढा गोतावळा हाती आला म्हणजे शब्द आला.

मराठी माणसाला एक आयता फायदा आहे. आपल्या बाजारभावांच्या बातम्यांत भाव कडाडतात, वधारतात, स्थिरावतात, नरमतात, घसरतात, कोसळतात. चढउताराच्या या छटा मनात तयारच असतात, फक्त इंग्रजी जोड बसवायची असते. आयईएलटीएस या इंग्रजीच्या चाचणीच्या अकॅडेमिक परीक्षेत लेखनाचा पहिला प्रश्न साधारणपणे आलेख, तक्ता किंवा आकृतीचे किमान १५० शब्दांत वर्णन करण्याचा असतो. परदेशी शिक्षणाच्या तयारीतल्या मुलांना ही जोड तिथे थेट कामी येते.

शास्त्रीय आधार म्हणून इंग्रजी शब्दांच्या दोन याद्यांचा उल्लेख होतो. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत नेहमीचे सुमारे २,००० इंग्रजी शब्द आहेत. त्यांचे आधीचे बरेच काम बंगालमधल्या विद्यार्थ्यांवर झाले होते. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची शैक्षणिक यादी त्यापुढची ५७० शब्दकुळे (एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांचे गट) देते. ज्या लिखाणातून ती काढली त्याचे चार विभाग होते, आणि त्यांत वाणिज्य व कायदा हे दोन होते. व्यापार आणि राजकारणावर बोलणाऱ्याला हे शब्द वारंवार का भेटतात, याचे उत्तर त्यात आहे. मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असे हू आणि नेशन या भाषासंशोधकांच्या अभ्यासात दिसले. त्यामुळे सुरुवातीलाच मध्यवर्ती बँकेचे पतधोरण वाचायला घेणे हा अघोरी उपाय होय. आधी त्याच बातमीचे मराठी वृत्त वाचावे, मग इंग्रजी. आशय ठाऊक असला की अनोळखी शब्दाचा अंदाज बांधता येतो.

मराठी वळणाच्या काही चुका हमखास होतात. ‘विषयी चर्चा करणे’वरून ‘डिस्कस अबाउट’ येते (‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ लागत नाही), ‘इकॉनॉमिक’ (आर्थिक) आणि ‘इकॉनॉमिकल’ (काटकसरीचा) यांची गल्लत होते, आणि मराठीत उपपदेच नसल्याने ‘द’ कुठे घालावा हा प्रश्न म्हातारपणापर्यंत पुरतो. प्रत्येक चूक जागीच धरली तर बोलणारा गप्प बसतो. त्यापेक्षा कोणीतरी टिपून ठेवून बैठकीच्या शेवटी सांगणे बरे.

पद्धतीच्या मर्यादाही ठळक आहेत. राजकारणावरचे मतभेद तापले की सगळे नकळत मराठीवर किंवा गुजरातीवर घसरतात. दूरचित्रवाणीवरच्या वादांची नक्कल केली तर शब्दांपेक्षा आवाज वाढतो. प्रतिवाद करण्याआधी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगायचे, हा नियम त्यावर बऱ्यापैकी लागू पडतो. सर्वांत मोठा दोष एकांगीपणाचा. वित्तीय तुटीवर दहा मिनिटे बोलणाऱ्या मुलाला टोरंटोच्या भाड्याच्या खोलीत नळ गळतो आहे, वायसर बदलायला हवा, हे घरमालकाला धड सांगता येत नाही. ते इंग्रजी त्याला वेगळे शिकावे लागते.