प्रतिकृती लहान होते, प्रकाशाची तरंगलांबी होत नाही

इमारतीच्या प्रतिकृतीचे छायाचित्र पाहिले की ते प्रतिकृतीचे आहे हे आपल्याला बहुधा क्षणात कळते. कसे कळले, असे विचारले तर लोक कारागिरीकडे बोट दाखवतात: झाडे स्पंजची वाटतात, पुठ्ठ्याच्या कडा जाड दिसतात, माणसे ताठ उभी असतात. ही कारणे खोटी नाहीत, पण ती दुय्यम आहेत. अतिशय बारकाईने घडवलेली प्रतिकृतीसुद्धा छायाचित्रात खेळण्यासारखी दिसू शकते, कारण दृश्याचा आकार ठरवताना आपली नजर आणखी दोन गोष्टी तपासत असते: कॅमेरा किती उंचीवर होता आणि लेन्सचे छिद्र दृश्याच्या मानाने केवढे होते.

यातली पहिली गोष्ट सोपी आहे. रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रौढ माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे १.६ मीटर उंचीवर असतात. १:१०० प्रमाणाच्या प्रतिकृतीत ही उंची १६ मिलिमीटर होते, तर १:२०० मध्ये केवळ ८ मिलिमीटर. लेन्सच्या नळीचा व्यास ७ सेंटिमीटर असेल, तर ती प्रतिकृतीच्या पायावर टेकवली तरी लेन्सचा मध्य ३५ मिलिमीटरवरच राहतो, म्हणजे १:१०० च्या जगात आपण साडेतीन मीटर उंचीवरून, जवळजवळ पहिल्या मजल्याच्या खिडकीतून पाहत असतो. म्हणून छायाचित्रकार कॅमेरा फळीच्या कडेबाहेर नेऊन खाली उतरवतात, फोन उलटा धरून त्याची लेन्स पायाजवळ आणतात किंवा ४५ अंशांत लावलेल्या छोट्या आरशातून दृश्य टिपतात. एंडोस्कोपसारखी बारीक नळी प्रतिकृतीत उतरवण्याचीही पद्धत आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात डोनाल्ड ॲपलयार्ड आणि केनेथ क्रेक यांनी अशी नळी सरकत्या चौकटीला टांगून प्रतिकृतीच्या रस्त्यांतून फिरवली, आणि त्या चित्रीकरणातून प्रस्तावित बांधकामांचा लोकांवर होणारा परिणाम अभ्यासला.

दुसरी गोष्ट मला भौतिकशास्त्राच्या दृष्टीने फार सुंदर वाटते. लेन्स एका अंतरावर फोकस केली की त्या अंतराच्या अलीकडचा आणि पलीकडचा प्रत्येक बिंदू चित्रात ठिपक्याऐवजी लहान चकतीसारखा उमटतो. ही चकती किती कोनाची असेल हे एका साध्या सूत्राने कळते: छिद्राचा व्यास गुणिले (१ भागिले फोकसचे अंतर, वजा १ भागिले वस्तूचे अंतर), उत्तर ऋण आले तर चिन्ह सोडून द्यावे. मिळणारा कोन रेडियनमध्ये असतो आणि १ रेडियन म्हणजे सुमारे ५७ अंश.

समजा, खऱ्या रस्त्यावर १५ मीटरपासून ६० मीटरपर्यंतच्या इमारती आपल्याला स्पष्ट हव्या आहेत आणि छिद्राचा व्यास ६ मिलिमीटर आहे. फोकस २४ मीटरवर ठेवल्यास दोन्ही टोकांना सारखाच धूसरपणा येतो. हे अंतर ३७.५ मीटर नाही, कारण सूत्रात अंतरांचे व्यस्त येतात. उत्तर निघते ०.०००१५ रेडियन, म्हणजे अंशाचा सुमारे एकशे विसावा भाग. निकोप डोळ्याची भेदनक्षमता, म्हणजे जवळजवळचे दोन ठिपके वेगळे ओळखता येण्याची मर्यादा, साधारण अंशाच्या साठाव्या भागाइतकी असते, त्यामुळे सगळा रस्ता आपल्याला स्पष्टच दिसतो.

आता तोच रस्ता शंभरपट लहान करू. अंतरे १५ आणि ६० सेंटिमीटर झाली, फोकस २४ सेंटिमीटरवर आला, पण छिद्र ६ मिलिमीटरचेच राहिले. धूसरपणा थेट शंभरपट वाढून ०.०१५ रेडियन, म्हणजे सुमारे ०.८६ अंश होतो, आणि हा कोन पौर्णिमेच्या चंद्राच्या दीडपटीहून मोठा आहे. याच गणिताकडे उलट बाजूने पाहिले तर प्रतिकृतीजवळ नेलेला हा कॅमेरा खऱ्या रस्त्यावर उभ्या असलेल्या राक्षसाचा डोळा ठरतो, ज्याची बाहुली ६० सेंटिमीटर रुंद आहे.

मग छिद्रही शंभरपट लहान करून ०.०६ मिलिमीटरचे का करू नये? भूमितीची त्याला हरकत नाही, प्रकाशाची आहे. लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, आणि या विवर्तनामुळे प्रत्येक बिंदूची जी चकती होते तिचा कोन साधारण २.४४ गुणिले तरंगलांबी, भागिले छिद्राचा व्यास एवढा असतो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.०००५५ मिलिमीटर आहे, आणि आपण जग कितीही लहान केले तरी ती तेवढीच राहते. तेव्हा ०.०६ मिलिमीटरच्या छिद्रात ही चकती सव्वा अंशाहून मोठी होते, म्हणजे सुटका करून घेण्याच्या प्रयत्नात चित्र आधीपेक्षाही धूसर होते. छिद्र मोठे केले की फोकसमुळे येणारा धूसरपणा वाढतो आणि विवर्तनाचा घटतो. दोन्ही समान होतात तो व्यास आपल्या उदाहरणात सुमारे ०.७३ मिलिमीटर येतो, जो २४ मिलिमीटर नाभीय अंतराच्या लेन्सवर साधारण एफ/३२ असतो (म्हणजे छिद्राचा व्यास नाभीय अंतराच्या बत्तिसाव्या भागाइतका). तरीही प्रत्येक धूसरपणा अंशाच्या दहाव्या भागाइतका उरतोच. एकाच छायाचित्रात याहून फारसे चांगले करता येत नाही, मग लेन्स कितीही महाग असो.

येथे फोनच्या जाहिरातींबद्दल बोलणे भाग आहे. मोठा सेन्सर, रुंद छिद्र आणि विरघळलेली पार्श्वभूमी म्हणजे व्यावसायिक दर्जा, असे त्या ठसवत असतात. प्रतिकृतीच्या छायाचित्रणात नेमके हेच गुण घातक ठरतात. याउलट अनेक फोनमधील अतिरुंद कोनाच्या कॅमेऱ्याच्या छिद्राचा व्यास १ मिलिमीटरहून कमी असतो, म्हणजे वर काढलेल्या उत्तराच्या जवळपास. तो कॅमेरा जवळ फोकस करू शकत असेल, तर या कामात मोठ्या कॅमेऱ्यालाही मागे टाकतो.

धूसरपणा आणि आकार यांचा संबंध नुसत्या तर्काचा नाही. २०१० मध्ये बर्कलीतील संशोधकांनीच दाखवून दिले की शहराच्या खऱ्या छायाचित्रात वरच्या आणि खालच्या भागांत योग्य प्रमाणात धूसरपणा मिसळला तर पाहणाऱ्यांना ते दृश्य प्रत्यक्षाहून खूप लहान वाटते.

लेन्स तिरकी करून फोकसचे प्रतल, म्हणजे ज्या सपाट पातळीतले सगळे स्पष्ट दिसते ती पातळी, जमिनीलगत आडवे पाडण्याची युक्ती ऑस्ट्रियाच्या थिओडोर शाइमफ्लुगच्या नावाने ओळखली जाते. वरून पाहताना ती उत्तम चालते, पण डोळ्यांच्या उंचीवरून रस्ता टिपताना जमीन स्पष्ट होते आणि मनोऱ्यांची टोके धूसर राहतात. आज खरा उपाय म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत अनेक छायाचित्रे घेऊन त्यांतले स्पष्ट भाग संगणकावर एकत्र जोडणे, ज्याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. त्यात छिद्र फार लहान करावे लागत नाही, म्हणून विवर्तन आटोक्यात राहते. मात्र लेन्सचे रुंद छिद्र जवळच्या खांबाच्या दोन्ही बाजूंनी थोडे मागे पाहत असते, त्यामुळे खांबाच्या कडेशी वलय उमटते आणि ते बहुधा हातानेच साफ करावे लागते.

प्रकाशयोजनेत गणित आपल्या बाजूने असते. सूर्याचे पृथ्वीपासूनचे अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे १०७ पट आहे आणि सावलीच्या कडेचा मऊपणा याच गुणोत्तरावर ठरतो. उन्हात नेलेल्या प्रतिकृतीची सावली त्यामुळे आपोआप योग्य प्रमाणात पडते. खोलीत ३ सेंटिमीटर रुंदीचा दिवा सव्वातीन मीटरवर ठेवला तर सावलीच्या कडा तशाच उमटतात.